पोस्टकार्ड

अमेरिकन फुटबॉल मला कधी कळला नाही. चेंडू हातात घेऊन पळतात, आणि नाव फुटबॉल! पण ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने रॉकी ब्लायरबद्दल सांगितलं आणि ते डोक्यात बसलं. १९६८ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला निवडलं, त्याच वर्षी सैन्याचं बोलावणं आलं. ऑगस्ट १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये मांडीत गोळी, पायात ग्रेनेडचे तुकडे. पुन्हा खेळणं विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा संघमालकाचं पोस्टकार्ड आलं : आम्हाला तुझी गरज आहे. भाऊ परतला आणि संघासोबत चार सुपर बोल जिंकला.

दिवाळीत करकंबला गेल्यावर मोठ्या उत्साहाने आबांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, हे सांगितलं. आबा निवृत्त हवालदार. फौजेत कबड्डी गाजवलेली. आता पंढरपुरात रात्रपाळीचे वॉचमन. शांतपणे ऐकून म्हणाले, "त्येला पोस्टकार्ड आलं. आमच्या पेटकराला कोण धाडणार हुतं?"

मुरलीकांत पेटकर. इस्लामपूरजवळच्या पेठचे, सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. म्हणजे बॉक्सिंग संपलं. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलात उपचार म्हणून पोहायला लावलं, आणि हा माणूस त्यातच खेळाडू झाला! १९६८ ला तेल अविवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळला. १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत. विश्वविक्रम आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. लक्षात घ्या, ऑलिम्पिकमधलं आपलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण बिंद्राचं, २००८ चं.

मग? मग पुण्यात टेल्कोत नोकरी. ब्लायरला परतायला संघ होता, पगार होता, टाळ्या वाजवणारं स्टेडियम होतं. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. छेचाळीस वर्षांनी! २०२४ ला 'चंदू चॅम्पियन' आला, तेव्हा मल्टिप्लेक्समधल्या पोरांना नाव कळलं. अर्जुन जीवनगौरव तर त्याच्याही नंतर, जानेवारी २०२५ मध्ये.

आबांना म्हटलं, तुम्ही निवृत्तीनंतर गावात पोरांना कबड्डी का नाही शिकवलीत?

"कुणी इचारलंच न्हाई," म्हणाले, आणि शिट्टी खिशात टाकून साडेसातच्या यष्टीला निघाले.