माळ्यावरून उतरलेली पेटी



उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू सांगलीला आला तो काखेत मोडकं पोकलेन घेऊनच. रस्त्याच्या कामावर पट्ट्यांवर चालणारं, लांब हाताचं पिवळं यंत्र असतं ना, तेच, खेळण्यातलं. मागची चाकं निखळलेली. मी म्हटलं, "टाकून देऊ, नवं घेऊ." तर म्हणाला, "नको. आजोबा याला रिमोटवर चालणारं करतील."

मी गप्प झाले. आमच्या घरातला मिक्सर, इस्त्री, रेडिओ सगळं आजवर ह्यांनीच खोललं. पण गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर ह्यांचा उजवा हात थरथरतो. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

हे बराच वेळ खेळणं उलटंपालटं करून बघत राहिले. मग मला म्हणाले, "मी सांगतो, तू कर."

मी बी.कॉम. झालेली, हिशेबाच्या वह्या लिहिलेली बाई. पण त्या आवाजाला नाही म्हणवेना.

मुलाने पुण्याच्या तपकीर गल्लीतून सामान आणलं. रिमोट, त्याचा रिसीव्हर, अंगठ्याएवढ्या दोन गिअरच्या मोटारी, त्यांना मागेपुढे फिरवणारे दोन स्पीड कंट्रोलर आणि एक सर्व्हो. सर्व्हो गरगर फिरत नाही. रिमोटची कांडी जितकी हलवावी तितकीच वळते आणि तिथेच थांबते, म्हणून ती पोकलेनच्या हाताला. मोटारी डाव्या-उजव्या चाकांना. दोन्ही पुढे फिरल्या की यंत्र पुढे, एक पुढे आणि एक मागे फिरली की जागच्या जागी वळतं. वेगळं स्टिअरिंग लागतच नाही.

मोटारीचे मिनिटाला १०० फेरे, चाकाचा व्यास ४३ मिलिमीटर. मी कागदावर मांडलं, मिनिटाला साडेतेरा मीटर. "एवढंच?" नातू हिरमुसला. "खरं पोकलेन तरी कुठे पळतं?" आजोबांनी समजूत घातली.

सोल्डरिंगला माझाही हात कापला. "आधी तार तापू दे, मग कथील लाव," हे सांगत होते. तवा तापायच्या आधी पोळी टाकली तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहेच. चौथ्या सांध्यापर्यंत जमलं.

यंत्र चाललं, पण हात उचलला की सगळंच बंद पडायचं. हे म्हणाले, सर्व्हो जोर लावताना जास्त करंट ओढते, मग रिसीव्हरला व्होल्टेज पुरत नाही. सर्व्होला चार सेल वेगळे दिले. यंत्र बंद पडायचं थांबलं, पण आता हात हलेचना. हे विचारात पडले, नातवाचा चेहरा उतरला.

मी वही काढली आणि एकेक तार जमा-नावे लिहिली. रिसीव्हरकडून सर्व्होला सिग्नल जातो, पण त्याची परतीची वाट कुठे? दोन्ही बॅटऱ्यांचे उणे एकमेकांना जोडलेच नव्हते. जमा लिहिलं होतं, नावे लिहायचं राहिलं होतं. एक तार जोडली आणि हात उचलला गेला. हे इतके मोठ्याने हसले, की कित्येक महिन्यांत तसं हसणं मी ऐकलं नव्हतं.

बादली भरली की यंत्र पुढे कलंडायचं, म्हणून सेल मागच्या बाजूला बसवले. खऱ्या पोकलेनच्या पाठीलाही असंच जड वजन असतं. अंगणात मुंग्या फार, म्हणून खोदायला माती नाही दिली. परातीत चाळलेली कोरडी वाळू दिली. त्या संध्याकाळी सूर्यास्ताआधी दोघांना पानावर बसवताना माझी कोण धावपळ झाली!

ह्यांचा हात अजून थरथरतोच. पण नातू पुण्याला गेला तरी पेटी काही माळ्यावर परत गेली नाही. परवा सकाळी चटणी वाटताना हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "मिक्सर घरघरतोय," म्हणाले. "वही घेऊन ये."