कावळा लगेच आला

मला मरणाची भीती वाटते, हे पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईने वसईकडच्या कळंबसारख्या गावात सांगायचं कोणाला? आजार सांगता येतो, कर्ज सांगता येतं, सासूबद्दल तर कितीही सांगता येतं. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "रिपोर्ट काय आलेत?" रिपोर्ट उत्तम होते. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, साखर हद्दीत. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली आणि ताण घेऊ नका म्हणाले.

बाबा गेले आणि पुढच्या पावसाळ्यात हे सुरू झालं. रात्री दोन-अडीचला जाग यायची. छातीत धडधड, बोटांच्या टोकांना मुंग्या, आणि डोक्यात एवढंच की एक दिवस आपण नसणार आणि नसल्याचं कळायलाही आपण नसणार. उठून स्वयंपाकघरात जायचं, माठातलं पाणी प्यायचं, खिडकीशी उभं राहायचं. सुरूच्या झाडांमागे समुद्र गाजत असायचा. लोक म्हणतात समुद्राच्या आवाजाने मन शांत होतं. रिसॉर्टमध्ये एका रात्रीसाठी आलेल्यांचं होत असेल.

दुखण्याची मला भीती नव्हती. नरकाचीही नाही. गरुडपुराणातले यमदूत, उकळत्या कढया, रक्ता-पुवाने भरलेली वैतरणी हे सगळं बाबांच्या तेराव्यापर्यंत घरात वाचलं गेलं आणि मी चक्क निवांत ऐकलं. उलट ते खरं असतं तर बरं, असं वाटून गेलं. वैतरणीत गटांगळ्या खायलाही माणूस शिल्लक लागतो. (आमच्याकडे वैतरणा विरारच्या पुढे आहे आणि डहाणू लोकलने माणसं ती रोज ओलांडतात, डब्यात चौथ्या सीटसाठी भांडत.) माझी भीती शिल्लक न राहण्याची होती.

नवरा समजूतदार आहे. त्याने एका रात्री दिवा लावून विचारलं, "जन्माआधी कुठे होतीस? त्याची भीती वाटते का? मग नंतरची कशाला?" हा युक्तिवाद रोमन कवी ल्युक्रेशियसने दोन हजार वर्षांपूर्वी केला होता आणि त्याच्याही आधी, त्याने गुरू मानलेला एपिक्युरस सांगून गेला होता, की मरण असतं तेव्हा आपण नसतो, मग घाबरायचं कोणी? नवऱ्याने यातलं काही वाचलेलं नाही, तो बांधकामाचा हिशेब बघतो. मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, "जन्माआधी मी कोणाला ओळखत नव्हते." त्याने दिवा मालवला. वाद मी जिंकले आणि झोप त्याला लागली.

माझा एक समज होता की बाकीचं गाव या बाबतीत सुखी आहे. आमच्या पट्ट्यात देवाधर्माची कमतरता नाही. निर्मळला टेकडीवर शंकराचार्यांची समाधी मानतात ते देऊळ, कार्तिक वद्य एकादशीपासून तिथली जत्रा, तिथून थोड्या अंतरावर चर्च, नंदाखालला आणखी मोठं चर्च, सोपाऱ्याला स्तूप. एवढ्या सगळ्यांनी मरणानंतरचं काहीतरी ठरवून ठेवलेलं, आणि एकटी मीच रात्री माठाशी उभी. मला त्यांचा हेवा वाटायचा.

बाबांच्या दहाव्याला खरं तर शंका यायला हवी होती. तळ्याच्या काठावर पिंड मांडले, शेजारी पानावर त्यांचा बिनसाखरेचा चहा आणि सुकेळी ठेवली. आमच्या वसईकडची सुकेळी म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी. बाबा ती स्वतः वाळवायचे आणि आम्हाला मोजून द्यायचे. सगळे मागे सरले. आता कावळा येईना झाला की पुढे होऊन वचनं द्यायची. आईला सांभाळू, हे मोठ्या काकांनी म्हणायचं ठरलं होतं, आणि वाडी बिल्डरला देणार नाही, हेही. काकांनी घसा खाकरला, हात जोडले आणि तेवढ्यात कावळा आला. एक नाही, तीन. पहिल्याने पिंडाला चोच मारली, दुसऱ्याने सुकेळं उचललं. "सुटले गं बाई," म्हणत आत्याने डोळ्यांना पदर लावला. वाडीचं वचन द्यायचं राहिलं ते राहिलंच.

परतताना आमच्या वाडीत मासळी घेऊन येणारी बाई शेजारून चालत होती. बाबा तिचं जुनं गिऱ्हाईक. ती हळूच म्हणाली, "आमच्या बांबूंवरच्या सुक्या बोंबलांवर पोसलेले कावळे हे. ते कशाला नाही म्हणतील?" तिच्या सुरात टवाळी नव्हती. घरी जाऊन तिने सुतकाची आंघोळही केली असेल.

पुढे ही गोष्ट मी गावच्या स्मशानात सरण रचून देणाऱ्या काकांना सांगितली. साठीचे आहेत, एरवी नारळ पाडतात. अर्ध्या गावाला अग्नी दिलेला त्यांनी पाहिलाय, त्यांच्याइतका माहीतगार माणूस कुठे मिळणार, म्हणून एका संध्याकाळी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं, "काका, माणसाचं नंतर काय होतं?"

"चार तास लागतात," ते म्हणाले. "पावसात जास्त. लाकूड आठ मण धर, भिजकं असलं तर नऊ. छातीचं आणि कमरेचं हाड मागे राहतं, ते सारखं करावं लागतं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर तिसऱ्या दिवशी राख." त्यांनी कोयता दगडावर घासायला घेतला. बराच वेळ घासला. "तू विचारतेस ते मला कळलं, बाय. मी बापाला जाळला तेव्हापासून बघतोय. धूर वर जातो एवढं दिसतं. अमावास्येला मी तिथे एकटा जात नाही, आणि तिथे काही असेल असंही मला वाटत नाही." दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या आणि त्यांत त्यांना काही विसंगत वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही.

किनाऱ्यावर मरण काही नवं नाही. २०१९ च्या धुळवडीला वसईहून आलेले पाच जण इथे कळंबच्या पाण्यात बुडाले. त्यानंतर काही दिवस किनारा ओस होता. मग घोडागाड्या आल्या, भजीची दुकानं उघडली, रविवारचे डीजे लागले. मला पूर्वी हे निर्लज्जपणाचं वाटायचं.

सोपाऱ्याचा स्तूप बघायला मी एका सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेले. नालासोपारा स्टेशनवरून तिथे रिक्षाने जाता येतं, तरी आमच्यातले बरेच जण कधी गेलेले नसतात. बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा तो ढिगारा पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची फुलं, आणि सगळ्यात आत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. म्हणजे एवढ्या पेट्या उघडत आत गेल्यावर शेवटी खापऱ्या. मुक्त झालेला माणूस मरणानंतर असतो की नसतो, हे बुद्धाला विचारलं तर तो उत्तरच देत नसे. बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचं गाव-गोत विचारत बसू नये, असं त्याने मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूला सांगितलं. आणि या सोपाऱ्याचा पुन्न त्याच्याकडे गेला होता, ती गोष्ट मज्झिमनिकायात आहे. पुन्नाला परत आपल्या मुलखात जायचं होतं. बुद्ध म्हणाला, तिकडची माणसं तापट, शिव्या देतील. पुन्न म्हणाला, मारत नाहीत हे चांगलंच. मारतील. दगड घालत नाहीत, हे चांगलं. असं करत करत, जीवच घेतील, इथवर बुद्ध आला. पुन्न म्हणाला, देहाला विटून शस्त्र शोधत फिरणारे कितीतरी असतात, मला ते न शोधता मिळालं म्हणायचं.

स्तूपाच्या पायरीवर बसून मी याचा खूप विचार केला. पुन्न थोरच. पण माझी अडचण त्याच्या नेमकी उलट होती. मला देहाचा जराही वीट आलेला नव्हता. मला पुढच्या मे महिन्यातले आंबे खायचे होते.

खरा उलगडा झाला तो मावशीकडे. मावशी म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई, नंदाखालच्या बाजूची. मुलं कॅनडात आहेत. रोज रोझरी, रविवारी मिस्सा, लेंट पाळणार; श्रद्धा कशी असावी तर मावशीसारखी, असं मी मानत आले. २ नोव्हेंबर हा त्यांचा मृतांचा दिवस. कबरी धुतात, फुलांनी सजवतात, संध्याकाळी सगळं कबरस्थान मेणबत्त्यांनी भरून जातं. मावशीचे गुडघे गेलेत, म्हणून एका वर्षी झेंडू आणि मेणबत्त्यांची पिशवी घेऊन मी सोबत गेले. वारा सुटला होता. मेणबत्ती लागली की विझायची. मावशीने पिशवीतून बुड कापलेल्या बिसलरीच्या बाटल्या काढल्या, एकेक बाटली एकेका मेणबत्तीवर उभी बसवली आणि बुचाच्या तोंडातून धूर निघू लागला. "दरवर्षीचं आहे," ती म्हणाली.

मावशीच्या नवऱ्याच्या कबरीजवळ बसल्यावर मी तिला माठ, खिडकी, अडीच वाजता हे सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही आणि रिपोर्टही विचारले नाहीत.

"मला साडेतीनला येते जाग," ती म्हणाली. "रोझरी हातात घेते. म्हणता म्हणता मध्येच येतं मनात की तिथे कोणीच नसलं तर? हे गेले, त्यांना मी सांगितलंय, थांबा, मी येते. आणि ते कुठेच थांबलेले नसले तर?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तुला असं वाटतं? तुला?

"न वाटायला मला काय धाड भरलीय? बायबलात पण आहे. उपदेशक काढ, तिसरा अध्याय. माणूस जातो तिथेच जनावर जातं, दोघं मातीचे, माणसाचा जीव वर जातो हे कोणी पाहिलंय, असं विचारलंय त्यात. फादर दिब्रिटोंच्या सुबोध बायबलमध्ये वाचलं तेव्हा मी दोनदा बघितलं, छापताना चुकलं की काय. त्यांना विचारायचं होतं. राहून गेलं." फादर २५ जुलै २०२४ ला गेले.

मग मीही तिला नचिकेताचं सांगितलं. यमाच्या दारात जाऊन त्या पोराने तिसरा वर काय मागितला, तर मेल्यावर माणूस असतो असं काही म्हणतात, नसतो असं काही म्हणतात, खरं काय ते सांग. आणि यम म्हणाला, याची शंका देवांनासुद्धा होती. हत्ती माग, घोडे माग, हे मागू नकोस.

"देवांना?" मावशी एकदम खूश झाली. "मग आपण कोण?"

आमच्या पुढच्या कबरीवर कोणाची तरी लहान मुलं मेणाचे गोळे करत होती. त्यांची आई ओरडत होती. मला त्या क्षणी मोकळं वाटलं, ते श्रद्धा मिळाली म्हणून नाही. जिचा मी इतकी वर्षं हेवा केला तिच्याकडेही ती तशी नव्हती, आणि तरीही तिने आठवणीने बाटल्या कापून आणल्या होत्या. जाग मला अजून येते. येते तेव्हा कधी कधी वाटतं, अजून तासाभराने मावशी उठेल.

निघताना ती म्हणाली, "एक काम सांगू? मुलं काही नोव्हेंबरात येणार नाहीत. माझ्यावर मेणबत्ती तू लाव. बाटल्या किचनच्या माळ्यावर ठेवल्यात."

"आणि मी आधी गेले तर?"

"तर मी येईन तुझ्या दहाव्याला, रिक्षा करून. कावळ्याला बोलवायला काय ठेवू, केळं?"

"बोंबील ठेव," मी म्हटलं. "आणि कावळे यायच्या आत मोठ्या काकांकडून वाडीचं वचन तेवढं घे."