झाडांच्या माथ्यावरचा पूल

घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्ट शहरापासून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर काकुम राष्ट्रीय उद्यानाचं वर्षावन आहे. तिथल्या उंच झाडांना टांगलेले सात झुलते पूल १९९५ मध्ये खुले झाले. त्यांची एकूण लांबी सुमारे ३५० मीटर, आणि उंची काही ठिकाणी ४० मीटरच्या घरात. हत्ती, माकडं दिसतील या आशेनं लोक वर चढतात. बहुतेकांना दिसतात पायाखालची अरुंद फळी, दोन्ही बाजूंची जाळी आणि नजर जाईल तिथवर नुसती पानं. त्यामुळे हा पूल म्हणजे छातीत धडधड उठवणारा एक खेळ, जंगलाशी त्याचं नातं नावापुरतंच, असं म्हणणारे पुष्कळ. हा निकाल मला घाईचा वाटतो. काय दिसलं आणि किती थरार वाटला, या मापानं अशा पुलाची किंमत ठरत नाही.

वर्षावनात ऊन वरच्यावरच अडतं. जमिनीपर्यंत त्याचा जेमतेम एकदोन टक्के भाग पोचतो. साहजिकच पानं, फुलं, फळं आणि त्यांवर जगणारे जीव यांचा मोठा संसार माथ्यावरच चालतो. विज्ञानालाही तिकडे मान वर करायला उशीरच झाला. पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाची धुरी देऊन टेरी अर्विन यांनी खाली पडलेले कीटक गोळा केले, तेव्हा त्यांत नुसत्या भुंग्यांच्याच सुमारे १,२०० जाती निघाल्या. त्यावरून १९८२ मध्ये त्यांनी उष्ण कटिबंधातल्या कीटकवर्गीय जीवांच्या ३ कोटी जातींचा अंदाज बांधला. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बराच खाली आणला. पण जंगलाची मोजदाद जमिनीवरून होत नाही, हा त्यातला मुद्दा कायम राहिला. पुलावर ‘काहीच दिसलं नाही’ म्हणणारा माणूस खरं तर या वस्तीच्या मधोमध उभा असतो. तिथले बहुतेक रहिवासी बोटाच्या पेराहून लहान, एवढंच.

माणसांच्या गलक्यानं प्राणी दूर पळतात, हा आक्षेप खराच आहे. पण उद्यान साडेतीनशेहून अधिक चौरस किलोमीटरचं आणि पूल साडेतीनशे मीटरचा. ज्यांना जंगल बघायचंच आहे, त्यांची पावलं एका फळीवर बांधून ठेवणं हे त्यांना पायवाटांवर मोकाट सोडण्यापेक्षा कमी नुकसानीचं. दुसरा आक्षेप शेजारच्या शेतकऱ्यांच्या बाजूचा, तो मात्र असा सहज निकालात निघत नाही. कोकोच्या उत्पादनात घाना जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे, आणि काकुमच्या कडेलाही कोको, मका, कसाव्याची शेती आहे. जंगलातला हत्ती, ज्याची प्रजाती २०२१ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरली, रात्री याच शेतांत उतरतो. शेतकरी ग्रीसमध्ये मिरची कालवून कुंपणाच्या दोऱ्यांना फासतात. तिकिटाचा पैसा फाटकाशी थांबला, तर पुलाचं कौतुक पाहुण्यांचं आणि हत्तीचा भुर्दंड शेजाऱ्यांचा, अशी वाटणी होते. मग याच शेजाऱ्यानं जंगल का राखावं, याचं उत्तर उरत नाही.

म्हणून पूल नसावा, असा अर्थ मी काढत नाही. उभं जंगलही पैसा मिळवून देतं, हे तोडलेल्या लाकडाचा भाव सांगणाऱ्याला दाखवता येतं ते अशाच गोष्टींमुळे. मात्र हा पुरावा फाटकाबाहेरच्या शेतापर्यंत पोचला पाहिजे. पिकाची भरपाई वेळेवर मिळते का, वाटाड्याचं काम गावातल्या पोरांना मिळतं का, आणि पुलापासून दूरच्या, कुणी फोटो काढत नाही अशा जंगलात गस्त असते का, या तीन प्रश्नांवर पुलाची परीक्षा व्हावी. मुंबईतही २०२५ मध्ये मलबार हिलवर झाडांमधून जाणारा उन्नत मार्ग खुला झाला. शहरातल्या टेकडीला वर्षावनाचे निकष जसेच्या तसे लागणार नाहीत. पण सह्याद्रीत उद्या असे पूल बांधायचे बेत निघाले, तर त्यांची लांबी-उंची विचारण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत.