सोबत आलेली माणसे

परिषदेला येणारे आणि परिषदेला येणाऱ्यांच्या सोबत येणारे, असे पाहुण्यांचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गाची बडदास्त कशी ठेवावी, याचे शास्त्र आता पुष्कळ पुढे गेले आहे. त्यांना छातीवर लावावयास बिल्ला मिळतो, पिशवी मिळते, वही मिळते, बोलावयास वेळ मिळतो आणि तो संपल्याची घंटाही मिळते. दुसऱ्या वर्गाच्या वाट्याला कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी एक ओळ येते : ‘सोबतच्या पाहुण्यांसाठी स्थलदर्शन.’ ही मंडळी चहाच्या वेळेपर्यंत सभागृहाच्या आसपास दिसू नयेत, एवढाच या ओळीचा खरा अर्थ असावा, अशी शंका आम्हांला पुष्कळ दिवस होती. गेल्या हिवाळ्यात दौंडला दोन दिवसांची एक परिषद भरली आणि त्या ओळीचा भार आमच्या अंगावर येऊन पडला. तेव्हापासून या सोबतच्या माणसांविषयी काही विचार मनात घोळत आहेत. ते वाचकांपुढे ठेवावेत, असे योजिले आहे.

‘दौंडला पाहण्यासारखे आहे तरी काय?’ हा पहिला प्रश्न आमच्या एका व्यवसायबंधूंनीच विचारला, आणि तो विचारणारे ते काही पहिले नव्हेत. दौंडचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण गाव म्हणून नव्हे, स्टेशन म्हणून. पुष्कळ वर्षे मनमाडकडून पुण्यास जाणाऱ्या गाड्यांचे एंजिन येथे एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकास लावावे लागे, आणि तेवढ्या वेळात उतारूंना चहा पिता येई. आता बाहेरून जोडमार्ग झाल्यामुळे कित्येक गाड्या तेवढाही मुक्काम करीत नाहीत. जिथून जावयाचे, पण जिथे जावयाचे नाही, असे हे गाव. विचार केला म्हणजे वाटते, की दौंडची आणि सोबतच्या पाहुण्यांची जात एकच आहे. दोघांकडेही जगाचे लक्ष जाते ते वाटेत आडवे आले तरच! म्हणूनच की काय, या दोघांचे एकमेकांशी फार लवकर जमले.

आमच्या वाट्याला आलेली मंडळी अकरा होती. त्यांत बहुतेक विद्वानांच्या पत्नी. दोन गृहस्थ असे, की ज्यांच्या पत्नी निबंध वाचणार होत्या. ते प्रथम थोडे संकोचलेले दिसले, पण बायकोची शाल हातावर घेऊन उभे राहण्याची त्यांना लवकरच सवय झाली. एक शाळकरी मुलगी होती, आणि मुलाचे व्याख्यान ऐकावयास आलेल्या परंतु ते इंग्रजीत आहे असे कळल्यावर आमच्याकडे वर्ग झालेल्या, पंचाहत्तरीच्या एक आजी होत्या. निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाला विचारले, ‘आपणांस काय पाहावयास आवडेल?’ हा प्रश्न साधा आहे. पण त्यावर एक बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘सर, गेली तीस वर्षं मी ह्यांच्याबरोबर गावोगावी जाते. गाडीत बसा म्हणणारे पुष्कळ भेटले. काय पाहायचंय, हे पहिल्यांदाच कुणी विचारतंय.’ त्या लग्नापूर्वी इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या होत्या, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले.

सहलीचा आरंभ आम्ही स्टेशनापासूनच केला. फलाटावर उभे राहून मनमाडकडे जाणारे रूळ दाखविले आणि सांगितले, की १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात अन्नाला महाग झालेल्या माणसांना काम पुरवावे म्हणून या मार्गाची मातीकामे काढण्यात आली, आणि १८७८ साली त्यावरून गाडी सुरू झाली. उत्तरेकडून येणाऱ्यास मुंबईचा वळसा न घेता दक्षिणेत उतरण्याची सोय झाली, ती अशा रीतीने. दुष्काळी कामावर बायका आणि मुलेही पाट्या वाहत. ज्या रुळांवरून आपण पेंगत प्रवास करतो, त्यांच्याखाली कोणाची तरी भूक भरावाला घातलेली आहे, हे ऐकल्यावर ती शाळकरी मुलगी वाकून खडी निरखू लागली. पाहण्यासारखे काय आहे, या प्रश्नाचे पहिले उत्तर तेथेच मिळाले.

तेथून भीमा ओलांडून आम्ही पेडगावास गेलो. तालुका श्रीगोंदे, जिल्हाही निराळा. पण नदीकाठाला जिल्ह्यांच्या सरहद्दी ठाऊक नसतात. औरंगजेबाचा सरदार बहादुरखान कोकलताश याची छावणी येथे होती, म्हणून या कोटाला बहादूरगड म्हणत. आता त्यास धर्मवीरगड म्हणतात. आत लक्ष्मीनारायणाचे जुने, कोरीव कामाने भरलेले देऊळ आहे. नदीचे पाणी वर चढविण्याच्या मोटेचे अवशेष आहेत. सोबतच्या गृहस्थांपैकी एक निवृत्त पाटबंधारे अधिकारी होते, ते तेथे असे रमले, की त्यांना हाताला धरून आणावे लागले. पण हे स्थान मराठी माणसाच्या मनात रुतून बसले आहे ते निराळ्याच कारणाने. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी पकडलेल्या छत्रपती संभाजीराजांना येथे बादशहापुढे आणले, त्यांची विटंबना केली. आणि पुढे मार्चात तुळापूर-वढूच्या परिसरात त्यांची हत्या झाली.

अशा जागी वाटाड्याने काय करावे? आवाज चढवून, हातवारे करून, प्रसंग उभा करणारे वाटाडे आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या बोलण्याने श्रोत्यांच्या अंगावर काटा येतो, आणि गाडीत बसताच तो जातोही. आम्ही साल, नाव आणि जागा एवढेच सांगितले आणि गप्प राहिलो. पडक्या तटावर वारा होता, खाली भीमा संथ वाहत होती. पाच-सात मिनिटे कोणीच बोलले नाही. वाटाड्याची पहिली विद्या बोलण्याची असेल. परंतु दुसरी आणि अधिक अवघड विद्या गप्प केव्हा बसावे हे ओळखण्याची आहे.

दुपार कलती झाल्यावर सिद्धटेक गाठले. अष्टविनायकांपैकी हाच एक उजव्या सोंडेचा. मधु आणि कैटभ या दैत्यांना मारण्यासाठी विष्णूने येथे गणेशाची आराधना केली, अशी कथा सांगतात. देवळाचे काम अहिल्याबाई होळकरांनी केले. पूर्वी दौंडकडून येणाऱ्यास शिरापूरच्या बाजूने होडीने नदी ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे. आजी आपल्या आईबरोबर लहानपणी त्या होडीतून आल्या होत्या. दर्शन घेऊन त्या घाटाच्या पायरीवर बसल्या आणि होडी कोठे लागे, भाडे कोण घेई, पावसाळ्यात यात्रेकरू पैलतीरी कसे अडकून पडत, हे सांगू लागल्या. त्या अर्ध्या तासात वाटाडे आम्ही नव्हतो, आजी होत्या. सहल चांगली झाली याची आमच्या मते हीच खूण, की केव्हातरी पाहुण्यांनीच यजमानाला त्याचे गाव दाखवावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक धाडस केले. रांजणगावचा महागणपती, यवतजवळचे भुलेश्वर, निघोजचे रांजणखळगे, ही नामांकित स्थळे बाजूस ठेवून मंडळींना शिरूर तालुक्यातील इनामगावला, घोड नदीच्या काठी नेले. तेथे आज डोळ्यांना दिसण्याजोगे फारसे काही नाही. पांढरीचे टेकाड आहे, बाभळी आहेत, आजूबाजूस ऊस आहे. परंतु १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृती संशोधकांनी येथे उत्खनन केले, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेले शेतकऱ्यांचे एक गाव त्या पांढरीतून वर आले. शंभराहून अधिक घरे, धान्याचे कोठार, नदीचे पाणी वळवून आणणारा कालवा. येथे सापडलेल्या वस्तू पाहावयाच्या तर पुण्यास डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावे लागते. जागेवर उरते ती केवळ जमीन आणि सांगणाऱ्याची जीभ.

आम्ही सांगू लागलो. चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला एक पुरुष सापडला. तो गावाचा मुख्य असावा, असा संशोधकांचा तर्क. इतर मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडीत. मेलेला माणूस उठून भटकू नये, हा त्यातला हेतू असावा. आणि लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत त्याला ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरीत. हे मात्र का, असे त्या मुलीने विचारले. आम्ही पुस्तकातले स्पष्टीकरण सांगण्याच्या विचारात होतो, तोच आजी म्हणाल्या, ‘अगं, आईपासून लांब कसं ठेवतील?’ आणि थोड्या वेळाने, कोणाला उद्देशून नव्हे, म्हणाल्या, ‘माझं पहिलं गेलं तेव्हा मला कुणी बघूसुद्धा दिलं नाही.’ शेजारच्या बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. आजींचे उत्तर शास्त्राला मान्य होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईपर्यंत त्या क्षणी जे पोहोचले, ते निबंधाच्या वाटेने पोहोचत नाही, एवढे मात्र खास.

योगायोग असा, की त्याच वेळी दौंडच्या सभागृहात दक्षिणेतील ग्रामीण समाजाच्या इतिहासावर निबंध वाचले जात होते. निबंध उत्तम होते. आम्ही ते मागाहून वाचले. पण दोन दिवस गावांविषयी बोलणाऱ्या मंडळींनी त्या दोन दिवसांत एकही गाव पाहिले नव्हते, आणि ज्यांना बोलण्याचे आमंत्रण नव्हते त्यांनी तीन पाहिली होती. रात्री पंक्तीत इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या त्या बाई आपल्या यजमानांना इनामगावचा कालवा समजावून देत होत्या, आणि यजमान ताटातला भात विसरून ऐकत होते.

सोबत आलेल्यांना बाहेर बसविण्याची ही रीत आपलीच आहे असे नाही. विलायतेत विज्ञानाच्या प्रसारासाठी १८३१ साली यॉर्क येथे स्थापन झालेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या पुढच्याच वर्षीच्या ऑक्सफर्डच्या बैठकीपूर्वी, स्त्रियांनी निबंधवाचनास बसावे की नाही यावर विद्वानांत खल झाला होता. आपल्याकडे मात्र सोबत जाण्याचे एक थोर उदाहरण घडून गेले आहे, आणि त्याचा धागा याच मुलखाशी जुळलेला आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, त्या वेळी भीमथडीत होते. त्या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि त्या कायद्याखालील कामासाठी न्यायमूर्ती रानडे यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावे लागले. त्यांच्याबरोबर रमाबाई असत. फिरती साहेबांची, बाई केवळ सोबतीला. पण १९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. न्यायमूर्तींचे त्या वेळचे कचेरीचे कागद आज अभ्यासकाखेरीज कोणी उघडीत नसेल. सोबत गेलेल्या बाईंनी जे पाहिले, ते मात्र अद्याप घरोघर वाचले जाते. पुढे १९०४ साली मुंबईस सामाजिक परिषदेच्या जोडीने स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी याच रमाबाई होत्या. सोबत येणाऱ्याला पाहू द्या, विचारू द्या. मग त्याला बोलावयास शिकवावे लागत नाही.

यासाठी परिषदा भरविणाऱ्यांना आमची विनंती फार मोठी नाही. एका दिवसात सात ठिकाणे दाखवून पाहुण्यांना दमवू नये. दोनच दाखवावीत, आणि प्रत्येक ठिकाणी बसावयास वेळ ठेवावा. स्वच्छतागृह कोठे आहे, हे देवळाच्या इतिहासाआधी सांगावे. गावचा अभिमान सांगावा, तसे गावचे दुःखही सांगावे. पाहुणे त्यानेच जवळ येतात. वाटाड्या भाड्याचा नको, गावचा हवा. आणि समारोपाच्या सभेत आभारप्रदर्शनातली पंधरा मिनिटे कापून ती सोबतच्या पाहुण्यांना द्यावीत, व त्यांनी काय पाहिले हे विद्वानांनी बसून ऐकावे. आभार थोडे कमी मानले गेल्याने आजवर कोणतीही परिषद बुडालेली नाही.

दौंडला पाहण्यासारखे काय आहे, असे आम्हांला आता कोणी विचारले तर आम्ही एवढेच म्हणतो, की कोणाला सोबत घेऊन येता ते आधी सांगा. गाव असो की माणूस, ‘वाटेतले’ आणि ‘सोबतचे’ म्हणून ज्यांच्याकडे आपण पाहावयाचे टाळतो, त्यांच्यापाशी थांबले म्हणजे सांगण्यासारखे बहुधा त्यांच्याचपाशी निघते.