प्रभुभोजनाच्या आधी आणि नंतर

१३ एप्रिल २०२५, झावळ्यांचा रविवार. पुणे

उपासनेनंतर दृढीकरणाच्या वर्गाची शेवटची बैठक. येत्या गुरुवारी ही मुलं पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार. प्रश्नोत्तरं सगळ्यांची घडाघडा पाठ आहेत आणि म्हणूनच मला धास्ती वाटते. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, पावाऐवजी भाकरी चालेल का?" बाकीचे फिदीफिदी हसले. प्रश्न मात्र अस्सल. अकराव्या शतकात रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांचं फाटलं, त्यातलं एक भांडण पाव खमिराचा की बेखमीर यावरच होतं. कॅथलिक नियम आजही गव्हावर ठाम आहे. ग्लुटेन पूर्ण काढलेला पाव मिस्सेला चालणार नाही, हे रोमनं २०१७ मध्ये पुन्हा बजावलं. म्हणजे ज्वारीची भाकरी तिथे नापास. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत बेकरीतला पाव आणून त्याचे चौकोनी तुकडे करतात, त्यावर कुणी शास्त्रार्थ करत नाही. मुलाला म्हटलं, येशूनं त्या रात्री जेवणात जे समोर होतं तेच उचललं. त्या घरात भाकरी असती तर त्यानं तीच मोडली असती, असं माझं मत. हे पाळकसाहेबांना जाऊन सांगू नकोस.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती. संध्याकाळी मिरवणुकीमुळे गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालयाच्या घंटाघराजवळ खोळंबलो. हेच ते पंचहौद मिशन. १८९० मध्ये इथे पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली, नंतर चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी त्यांची नावं छापून आणली आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उठलं. रानडे आणि टिळक दोघेही त्या यादीत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी मुंबईत जात मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेचं काम लपूनछपून चाले. तिथे नव्या सभासदाला ख्रिस्त्यानं भाजलेल्या पावाचा तुकडा खाऊन दाखवावा लागे. सभासदांची यादी फुटली आणि सभा मोडली.

वर्गात मी मुलांना कृपेचं साधन, स्मरण, कराराचं चिन्ह असं सगळं शिकवतो. पण महाराष्ट्रात कुणाच्या हातचा तुकडा तोंडात घालणं ही आधी सामाजिक गोष्ट होती. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय त्यावरून दिसतं, त्यांचा खाण्यापिण्यातला विटाळ आधी सुटला, बाप्तिस्मा नंतर आला. मला तो क्रम फार खरा वाटतो. तमिळ मुलखातल्या मंडळ्यांत याच्या उलट झालं होतं. बाप्तिस्मा आधी झाला आणि जात शाबूत राहिली. शेवटी १८३३ मध्ये कलकत्त्याच्या बिशप डॅनियल विल्सनना हुकूम काढावा लागला की देवळातला जातिभेद, प्रभुभोजनाच्या मेजावरचासुद्धा, ताबडतोब बंद करा. तेव्हा तंजावर-मद्रासकडचे कित्येक जण मंडळी सोडून गेले.

आणि बाबासाहेब? त्यांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावर लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात सहभोजनावर फारशी भिस्त ठेवलेली नाही. पंगती पुष्कळ झाल्या, जात गेली नाही. खरा उपाय त्यांच्या लेखी आंतरजातीय लग्न. हे वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून हललं नाही.

१६ एप्रिल

काकूंकडे मनुका शिजवायला गेलो. आमच्याकडे द्राक्षारस म्हणजे हाच: मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. काकू दर वेळी रस करतात आणि स्वतः प्रभुभोजन घेत नाहीत. जावेशी बोलणं बंद आहे म्हणून. "मी लायक नाही बाबा," हे ठरलेलं उत्तर. अशी माणसं आमच्या प्रत्येक मंडळीत आहेत, तबक आलं की मान खाली घालून ते पुढे सरकवणारी.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय या भीतीच्या मुळाशी आहे. अयोग्य रीतीनं खाणाऱ्याला दंड, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. तो रागावला कशावर, ते राहत नाही. त्या वेळी देवळं नव्हती; मंडळी कुणा ऐपतदाराच्या घरी जमे आणि प्रभुभोजन खऱ्याखुऱ्या जेवणातच होई. सवड असलेले आधी खाऊन-पिऊन तर्र होत आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी बसत. पौल म्हणतो, हे प्रभूचं भोजन नव्हेच. त्यावर त्याचा उपाय बिनतोड साधा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. म्हणजे त्याचा रोख स्वतःला अपात्र समजून मागे बसणाऱ्या काकूंवर नाही, शेजारच्याकडे न बघता जेवणाऱ्यावर आहे. हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला काय, तुला जाऊ नाही."

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

मुलांनी प्रभुभोजन घेतलं. भाकरीवाला फार गंभीर होता.

पाळकांच्या प्रवचनात मारबुर्ग आलं. १५२९ मध्ये धर्मसुधारक लूथर आणि झ्विंग्ली तिथे भेटले, पंधरापैकी चौदा कलमांवर जुळलं आणि पंधराव्यावर, म्हणजे नेमकं याच मेजावर, फिसकटलं. लूथरनं येशूचे भोजनावेळचे शब्द खडूनं टेबलावर लिहून ठेवले होते म्हणे, आणि तो तिथून हलेना. त्याच्या मते ख्रिस्त त्या भाकरीत खरोखर हजर. झ्विंग्लीच्या मते ती आठवण. रोमनं तर १२१५ च्या लॅटरन परिषदेतच भाकरीचं तत्त्व पालटतं असं ठरवून टाकलं होतं. मी ज्या घराण्यात वाढलो ते झ्विंग्लीच्या बाजूचं, पण मला तो माणूस कोरडा वाटतो. यहुदी घरात वल्हांडण करतात तेव्हा 'आमचे पूर्वज सुटले' एवढ्यावर थांबत नाहीत, प्रत्येक पिढीनं स्वतःच मिसरातून निघालो असं मानायचं असतं. येशू त्या परंपरेतला. त्यानं 'आठवण करा' म्हटलं ते फोटोला हार घालण्यासारखं नसणार.

एक गोष्ट आज पुन्हा नजरेत भरली. जुनी घराणी पुढच्या बाकांवर. मागे बांधकामावरची, मराठवाड्यातून आलेली कुटुंबं. तबक पुढून निघतं. शेवटच्या बाकापर्यंत पोचलं तेव्हा तुकडे संपले होते. एका डीकननं आत जाऊन पाव आणला, तोवर ती माणसं अवघडून उभी. कुणाचा वाईट हेतू नाही. करिंथात तरी कुठे होता?

दुसऱ्या शतकात, साधारण १५५ च्या सुमारास, जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं रोमी बादशहाला ख्रिस्ती उपासनेची हकिकत लिहून कळवली. भाकरी वाटून झाली की गैरहजर असलेल्यांकडे डीकन ती पोचवत. त्याच सभेत ज्याला जमेल तो पैसे देई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे पाहुणे यांची सोय होई. आमच्याकडे पेटी वेगळी फिरते, मेज वेगळं मांडलं जातं. दोन्हींचा संबंध मुलांना शिकवायचं राहूनच जातं.

४ मे, वसई

कॅथलिक मित्राच्या नातीचं पहिलं कम्युनियन. पांढरे झगे, डोक्यावर फुलं, मागे कॅमेरे. पोपनं १९१० मध्ये वयाची अट सातेक वर्षांवर आणली, त्याआधी मुलांना बरंच थांबावं लागे. हे मला पटतं. सगळं समजल्यावरच जेवायचं तर मीही अजून उपाशीच असतो.

लोक रांगेत निघाले, मी बाकावर बसून राहिलो. कॅथलिक नियमानुसार माझ्यासारख्याला तिथे होस्तिया, म्हणजे ती पवित्र भाकरी, मिळत नाही आणि मी मागत नाही. मित्र दरवेळी ओशाळतो. ज्या मेजावर सगळे एक व्हायचे तिथेच आम्ही वेगळे आहोत हे इतकं उघड दिसतं, जेवणावळीत मात्र नाही. फुगे आणि इंदेल खाताना कुणी मला पंथ विचारला नाही. १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा निदान त्यांच्यापुरता हा प्रश्न मिटला. रोमशी मिटायला किती पिढ्या लागतील कोण जाणे. माझं मत विचाराल तर मेज प्रभूचं आहे, यजमानपण आम्ही उगाच अंगावर घेतलंय.

१८ मे

पंचांची सभा. मी दोन विषय दिले होते. पहिला, तबक शेवटच्या बाकापासून निघावं. एकानं विचारलं, "फरक काय पडतो?" मी १७ एप्रिलची हकिकत सांगितली. मंजूर.

दुसरा विषय बाबासाहेबांकडून उसना घेतलेला. मंडळीच्या लग्नांच्या नोंदवहीत पुढच्या बाकांवरची घराणी आणि मागच्या बाकांवरची घराणी यांच्यात सोयरीक झाल्याची नोंद जवळजवळ नाही. यावर एकदा मोकळेपणी बोलावं, एवढंच माझं म्हणणं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि विषय पुढच्या सभेवर टाकला. पुढची सभा १५ जूनला आहे. मी तो विषय पुन्हा लेखी दिला आहे.