घरातली साथ आणि घरातली जयणा

आषाढाच्या शुद्ध पक्षात संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीच्या मुक्कामानंतर, नीरेत पादुकांना स्नान घालून अकलूजला येते. सदाशिवराव माने विद्यालयाच्या प्रांगणात गोल रिंगण होते, व्यापारी आपल्या दुकानांपुढे वारकऱ्यांना चहा-फराळ देतात आणि पालखी पंढरीकडे निघून जाते. त्यानंतर थोड्याच दिवसांत जैन घरांत चातुर्मास बसतो. पावसाळी हवा, माश्या आणि ओल यांचे हे दिवस. पोटाच्या आजारांचेही हेच दिवस.

अकलूजच्या पेठेतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी अशाच एका पावसाळ्यात घडलेली ही गोष्ट आहे. खाली दुकान, वर राहते घर, माणसे अकरा. एका मध्यरात्री सात वर्षांच्या नातवाला उलटी झाली. आईने झोपेतच हाताला लागलेल्या फडक्याने फरशी पुसली, फडके मोरीत खळबळून पुन्हा ओट्याच्या कडेला वाळत टाकले आणि पहाटे नेहमीप्रमाणे कणीक मळली. दोन दिवसांत घरातील चौघे आडवे झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी आजींनाही जुलाब सुरू झाले.

आजींना आजारापेक्षा नवल अधिक वाटले. "आपल्या घरी पाणी गाळलेले, बाहेरचे खाणे नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही, मग हा रोग शिरला कोठून?" हा प्रश्न अनेक जैन घरांत विचारला जातो. गाळण्याचे जाड, दुहेरी वस्त्र पाण्यातील सूक्ष्म त्रसजीवांचे रक्षण करते. परंतु या आजारास बहुधा कारण होणारे विषाणू इतके लहान असतात की ते कोणत्याही वस्त्रातून आरपार जातात. त्यांपैकी नोरोव्हायरस सर्वांत चिवट. 1968 साली अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली, त्या गावावरून त्याला हे नाव मिळाले. त्याचे मोजके कण पोटात गेले तरी आजार होतो आणि तो पाण्यापेक्षाही हात, फडकी, नळाची तोटी, दाराची कडी यांवरून अधिक फिरतो. या घरी पाणी निर्दोष होते. दोष ओट्याच्या कडेच्या फडक्यात होता.

मुलाला तो शाळेत लागला, बाजारात की गल्ल्यावरच्या नोटांतून, हे शोधून काही हाती लागत नाही. वारकऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे असते. पंढरीची वारी आणि पटकी यांची सांगड ब्रिटिश अमदानीपासून घातली गेली आहे. परंतु आज वारीच्या वाटेवर टँकर, टीसीएल पावडर, आरोग्यपथके यांची तयारी असते. गावाने पाणी शुद्ध करून दिले तरी घरातील हात घरानेच धुवायचे असतात.

त्या दिवशी सायंकाळी खरी कसोटी लागली. आजींचा चौविहार कित्येक वर्षांचा. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. रात्री नऊच्या सुमारास त्यांची जीभ कोरडी पडली होती, आवाज खोल गेला होता आणि दुपारपासून लघवी झाली नव्हती. सून ओआरएसची वाटी घेऊन उशाशी उभी राहिली. आजींनी तोंड फिरवले. "सकाळी घेईन," एवढेच म्हणाल्या. सत्तरीच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या शरीराला ती सकाळ दिसेलच, याची खात्री कोणाला देता येत नव्हती.

आजोबांनी फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेतला. मध्यरात्रीपर्यंत लघवी झाली नाही किंवा गुंगी आली तर त्वरित दाखल करा, रक्तदाबाची गोळी विचारल्याखेरीज देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. मग आजोबा पलंगाशी बसले. "रोज पच्चक्खाण घेतेस, त्यातला सर्वसमाधीचा आगार कशासाठी ठेवला आहे? असह्य व्याधीत चित्ताची समाधी ढळू नये म्हणूनच ना? ज्यांनी व्रत दिले त्यांनीच ही वाट ठेवली आहे." आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी नवकार म्हटला आणि तोंड उघडले.

सुनेने वाटी तोंडाला लावली नाही. दर दोन मिनिटांनी एक चमचा दिला. एकदा उलटी झाली तेव्हा दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा सुरू केला. आजोबांनी दुकानातील एक कोरी वही आणली. एका बाजूस पोटात गेलेले चमचे जमा, दुसऱ्या बाजूस उलटी, जुलाब नावे, असे वेळेसह लिहू लागले. रात्री साडेअकराच्या सुमारास आजींना लघवी झाली. पुढे बरे वाटल्यावर त्यांनी चातुर्मासासाठी आलेल्या साध्वीजींकडे जाऊन आलोयणा घेतली. व्रत मोडल्याची खंत मनात थोडी राहिली, ती त्यांनी लपवली नाही. परंतु सुनेला बोल लावला नाही.

त्या चमच्यामागे मोठा इतिहास आहे. 1971 साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातूनच रुग्णांना पाजवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आतड्यात साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले की पाणी त्यांच्यासोबत रक्तात शोषले जाते, एवढेच त्यामागचे मर्म आहे.

म्हणून प्रमाण पाळावे. एक लिटरचे पाकीट असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ते सगळे घालावे. अर्धे ठेवू नये. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलास 100 ते 200 मिलिलिटर द्यावे. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने 14 दिवस झिंक द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. भाताची पेज, मुगाची मऊ खिचडी, केळे, ताजे ताक चालते. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. शौचात रक्त, न थांबणारी उलटी, सहा-आठ तास लघवी नसणे, खोल गेलेले डोळे किंवा गुंगी दिसली तर घरगुती उपाय सोडून रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या दिवशी या घराने आपली रीत बदलली. पाच समितींपैकी पाचवी उत्सर्ग समिती मलमूत्राच्या विसर्जनातही जयणा सांगते. मानवी मल, वमन इत्यादी चौदा स्थानी संमूर्च्छिम जीव उपजतात, म्हणून ते साचू देऊ नये, हे आजी लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. विषाणू आणि ते जीव एकच, असे म्हणण्याचे कारण नाही; पण घाण तत्काळ, काळजीपूर्वक दूर करावी, हे आचरण दोन्हीकडे सारखेच ठरते.

आता आजाऱ्याचे शौचालय शक्यतो वेगळे ठेवले. उलटीवर आधी जुने कागद टाकून ते पिशवीत बांधले. मग जागा साबणाने धुऊन, एक भाग ब्लीच आणि एकोणपन्नास भाग पाणी यांच्या द्रावणाने दहा मिनिटे ओली ठेवली. पुसणाऱ्याने हातमोजे घातले, खिडकी उघडी ठेवली. आजाऱ्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुतले. प्रत्येकाचा पंचा आणि पेला वेगळा झाला. हात साबणाने वीस सेकंद धुणे सक्तीचे झाले, कारण सॅनिटायझर या विषाणूवर पुरेसा चालत नाही. पिण्याचे पाणी उकळू लागले. पक्क्या पाण्याची पावसाळ्यातील मुदत तीन प्रहर. तेवढ्यात संपेल इतकेच पाणी उकळायचे, हा आजींचा नियम घरभर लागू झाला. आजारी पडलेली व्यक्ती बरी झाल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात गेली नाही. सुनेला हे सर्वांत जड गेले; ते दोन दिवस पोळ्या मोठ्या मुलाने लाटल्या.

पाचव्या दिवसानंतर घरात नवा रुग्ण झाला नाही. गाळण्याचे वस्त्र मडक्यावर पूर्वीसारखेच आहे. मोरीशी मात्र साबणाची वडी कायम असते, आणि ओट्याचे फडके ओट्यापलीकडे जात नाही. पुढच्या आषाढात दुकानापुढे वारकऱ्यांसाठी चहा मांडला, तेव्हा शेजारी पाण्याची बादली आणि साबण आजींनी स्वतः ठेवायला लावला.