अठरावं नाव

सतरा नावं अर्ध्या तासात झाली. अठराव्या नावाला अडीच तास लागले.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या गावची सतरा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल टीम बाहेरगावी स्पर्धेला निघाली होती. अठराच पोरं न्यायची परवानगी. निवड समितीत कोच, दोन जुने खेळाडू, एक पदाधिकारी आणि मी. मी का? तर 'पत्रकार म्हणजे तटस्थ माणूस' म्हणून.

पहिले अकरा कोण, हे मैदानाबाहेर चहा विकणारासुद्धा सांगेल. पुढचे पाच-सहा पण ठरलेलेच असतात. खरी परीक्षा शेवटच्या नावाला. त्या जागेसाठी पोरांमध्ये उन्नीस-बीसचाच फरक असतो, आणि ओळख, उपकार, सोय हे सगळं तिथूनच आत शिरतं.

आमच्यापुढं तीन पोरं होती. एक सगळ्या जागी खेळणारा, पण कुठंच भारी नाही. त्याचं नाव लवकर मागं पडलं. राहिले दोघं.

एक दुसरा गोलकीपर. उंची बेताची. पण रोज पहाटे साडेपाचला मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. चुन्याच्या रेषा मारायलाही हाच पुढं. दुसरा डाव्या बाजूनं सुसाट पळणारा फॉरवर्ड. अंगात आलं तर कुणाला ऐकायचा नाही, पण सरावाला आठवड्यातून दोनदा आला तर आला. त्याच्या वडिलांनी टीमचं गाडीभाडं द्यायचं कबूल केलं होतं.

कोच म्हणाले, "एकाच गोलकीपरवर जायचं म्हणजे जुगार आहे." पदाधिकारी म्हणाले, "ते बरोबर हो, पण गाडीभाडं कोण देणार तेवढं सांगा." यावर सगळे गप्प. मतं दोन-दोन पडली. शेवटचं मत माझं.

मी फॉरवर्डला मत दिलं. म्हणालो, "शेवटच्या दहा मिनिटांत मॅच फिरवणारा पोरगा पाहिजे."

मुद्दा तसा खोटा नव्हता. २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये बदली म्हणून उतरलेल्या मारिओ गोत्झेनंच ११३ व्या मिनिटाला गोल मारून जर्मनीला कप मिळवून दिला.

पण गोलकीपरच्या बाजूनंही तेवढंच बोलता आलं असतं. १९९० ला अर्जेंटिनाच्या दुसऱ्याच मॅचमध्ये पहिला गोलकीपर पुम्पिडोचा पाय मोडला. गोयकोचेया आत आला आणि युगोस्लाव्हिया आणि इटलीविरुद्ध पेनल्टी अडवून त्यानं टीम फायनलपर्यंत नेली. २०१४ मध्येच नेदरलँड्सचे कोच व्हान खाल यांनी कोस्टारिकाविरुद्ध एक बदली खेळाडू मुद्दाम राखून ठेवला. १२० व्या मिनिटाला टिम क्रुलला फक्त पेनल्टीसाठी उतरवलं. त्यानं दोन अडवल्या, मॅच जिंकली. त्या जागेवरच्या पोराचं काम काय, हे कोचला आधीपासून माहीत होतं.

उलटं उदाहरण २००६ चं. इंग्लंडनं २३ जणांत चारच फॉरवर्ड घेतले. त्यातला एक थिओ वॉलकॉट, वय १७, आर्सेनलकडून प्रीमियर लीगची एकही मॅच न खेळलेला. अनुभवी जर्मेन डेफो बाहेर राहिला. पुढं स्वीडनविरुद्ध ओवेन जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेला, तरी वॉलकॉट एक मिनिटसुद्धा मैदानात उतरला नाही. खेळवायचंच नव्हतं, तर ती जागा कशासाठी होती?

हाच प्रश्न मला लागू होतो. मी सांगितलेलं कारण चांगलं होतं, पण ते माझं कारण नव्हतं. माझं कारण गाडीभाडं होतं, आणि रात्रीचे साडेदहा वाजले होते. कोच आणि एक जुना खेळाडू गोलकीपरसाठी अडून बसले होते. तटस्थ म्हणून बोलावलेला मीच पहिला वाकलो.

स्पर्धेत काय झालं? काहीच नाही. आमचा गोलकीपर जखमी झाला नाही. फॉरवर्ड पोरगा सहा मिनिटं खेळला. दुसऱ्या मॅचला हरून आम्ही परत आलो. त्यामुळं आम्हाला कुणी जाबही विचारला नाही.

विचारलं फक्त त्या पोरानं. आठवड्यानं घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, मी कुठं कमी पडलो तेवढं सांगा. तेवढं सुधारतो."

मी म्हणालो, "उंची कमी पडली रे."

सोळा वर्षांच्या पोराला मी असं कारण दिलं, जे त्याला सुधारता येणार नाही. आणि ते खरंही नव्हतं. त्या बैठकीत उंचीवर दोन मिनिटंसुद्धा बोलणं झालं नव्हतं. त्यानंतर तो पहाटे मैदानावर दिसला नाही.

२०१७ ला आपल्याकडं सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला. भारताच्या २१ जणांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच टीममध्ये मणिपूरचा जॅक्सन सिंग होता, ज्याला आधीच्या कोचनी नाकारलं होतं. नव्या कोचनी त्याला परत पाहिलं आणि घेतलं. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला त्यानं हेडर मारला. फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल. नाकारलेल्या पोराकडं परत बघणारं कुणीतरी लागतं. आमच्या पोराकडं परत बघायला आम्ही सवडच ठेवली नाही. यंदा त्याचं वय बसत नाही.

येत्या रविवारी पुन्हा निवड आहे. मला परत बोलावलंय. मी तीन अटी घातल्यात आणि कोचना त्या मान्य आहेत.

एक, नावं काढायच्या आधी शेवटची जागा कोणत्या कामासाठी आहे ते ठरवून कागदावर लिहायचं. मग त्या कामाला बसणारा पोरगा बघायचा.

दोन, गाडीभाडं आणि किटचा विषय निवडीच्या बैठकीत काढायचा नाही. तो पैसा आधी उभा करायचा. गणपतीची वर्गणी मागायला आपण घरोघरी फिरतोच की. अठरा पोरांचं भाडं गावाला जड नाही. माझे हजार रुपये कोचकडं दिलेत.

तीन, ज्याचं नाव गळालं त्याला यादी लागायच्या आधी कोचनी समोर बसवून खरं कारण सांगायचं. ते ऐकून पोरगा रडेल, चिडेल. पण काय सुधारायचं ते त्याला कळेल.

परवा मी त्या पोराकडं गेलो आणि खरं काय झालं होतं ते सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, "मला वाटलंच होतं काका." माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही.

निवड सकाळी सात वाजता, मैदानावरच, सगळ्यांसमोर आहे. ज्यांची पोरं खेळतात त्यांनी या. ज्यांची नाहीत त्यांनी पण या.